महिपतीचे पन्नास नग

एका गावात एक भोळा गडी होता. नाव महिपती. वय चाळीस, मिशा झुपकेदार, अंगात बैलाची ताकद आणि मन इतकं मोकळं की त्यात विचार म्हणून कधी मुक्कामाला आला नाही. त्याला कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आता तुम्ही म्हणाल, मग यात बिघडलं काय? ऐका तर.

आधी तो पिठाच्या गिरणीत होता. गिरणीवाली बाई जेवायला जाताना म्हणाली, "महिपती, जरा गिरणीकडं बघ रे." बाई दोन तासांनी परत आली तर डबे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. एकीचंही दळण झालेलं नव्हतं. महिपती स्टूल टाकून गिरणीकडं बघत बसला होता.

"बघतोय की," तो म्हणाला. "एकदाबी नजर हलवली न्हाई."

बाईनं त्याला हात जोडले आणि घरी पाठवलं.

गावाला लागूनच एमआयडीसी होती. तिथं दिनकर अण्णा बेलेकरांचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड आणि शेडमध्ये एक सीएनसी मशीन. एकच, पण काय मशीन होतं महाराजा. लोखंडाचा तुकडा आतल्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा, काचेचं दार लावायचं आणि हिरवं बटण दाबायचं. आत तो तुकडा गरागरा फिरायला लागतो, हत्यार आपलं आपण पुढं येतं आणि त्याला तासून, भोक पाडून, केसाचासुद्धा फरक न ठेवता मापात काढतं. हत्याराला माणसाचा हात लागत नाही. सगळा कारभार कॉम्प्युटरचा.

ते मशीन इरफानभाई शिकलगार चालवायचे. इरफानभाईंच्या आज्यानं आयुष्यभर तलवारी आणि विळ्यांना धार लावली, त्यामुळं पोलाद त्यांच्या रक्तातच होतं. अण्णांनी महिपतीला हाताखाली मदतीला ठेवला तेव्हा पहिल्याच दिवशी इरफानभाईंनी त्याला मशीनपुढं उभं केलं.

"हे बघ महिपती, हे दिसतं लय शहाणं. पण ह्याला स्वतःची अक्कल नाही. आपण प्रोग्राम घालून देऊ तेवढंच करतं. आपण चुकीचं सांगितलं तर चुकीचं करील, पण मनानं काही करणार नाही."

महिपतीला मशीनबद्दल एकदम माया वाटली. चाळीस वर्षांत त्याला आपल्या स्वभावाचं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं.

अण्णांना मात्र घोर लागला होता. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला बुश हवे होते. बुश म्हणजे पंपाच्या आत बसणारं जाड लोखंडी कडं. कंपनीचे सबनीस साहेब येऊन नमुना बघणार होते. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर मशीन विकून अण्णांना पुन्हा दुसऱ्याच्या दारात फिटर म्हणून उभं राहावं लागणार होतं. हे अण्णांनी शेडमध्ये सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. महिपतीलाही.

"अण्णा, माझ्याकडनं काही कमी पडणार न्हाई," महिपती म्हणाला होता. आणि खरंच, कमी असं काही पडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी इरफानभाईंनी त्याच्या हातात व्हर्निअर दिला आणि मापं घ्यायला शिकवलं. "तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा. सगळे एकासारखे एक पाहिजेत. जरा फरक दिसला की लाल डब्यात टाकायचा. तिथं दयामाया नाही."

दुपारी अण्णांच्या घरून जेवण आलं. शालन वैनींनी नऊ भाकरी थापून दिल्या होत्या, ताज्या, गरम, तीळ लावलेल्या. सगळे हातपाय धुऊन बसले. बघतात तर दुरडी मोकळी. भाकरी लाल डब्यात पडलेल्या, तेलकट लोखंडी किसावर.

"एक तीन मिलिमीटर जाड हाय, एक चार," महिपतीनं हिशोब दिला. "एक तर कडंला तीन आन् मधी पाच. अण्णा, राग मानू नका, पण वैनींचा हात मापात न्हाई."

अण्णांनी नुसता झुणका खाल्ला. वैनींच्या कानावर हे जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती, पण ते संध्याकाळपर्यंत गेलंच.

इरफानभाईंनी महिपतीला समोर बसवलं. "अरे बाबा, डब्यातली भाकरी मोजत नाहीत. डबा आला की उघडायचा आणि जे हजर असतील त्यांना वाटून टाकायचं. लहान-मोठं बघायचं नाही, कुणाला विचारत बसायचं नाही. वाटायचं आणि आपणही घ्यायचं. कळलं?"

"कळलं. चुकलं माझं. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. तिथंच तर सगळा घोळ होता.

शुक्रवारी इरफानभाई नमाजला गेले होते, अण्णा बँकेत गेले होते. कुरिअरवाला एक छोटासा डबा देऊन गेला. म्हणजे जाणार होता, पण महिपतीनं त्याला थांबवलं. डबा आला होता ना. महिपतीनं तो उघडला. आत दहा टिपा होत्या. मशीनच्या हत्याराच्या टोकाला बोटाच्या नखाएवढी एक टिप बसवतात, खरं कापायचं काम तीच करते. नव्या टिपा सोन्यासारख्या पिवळ्याधमक असतात आणि भाव विचाराल तर जेवण गोड लागायचं नाही.

महिपतीनं एक कुरिअरवाल्याला दिली. एक शेजारच्या शेडच्या वॉचमनला, एक चहाच्या टपरीवरच्या बापूंना, एक पेरूवालीला. रस्त्यानं जो दिसेल त्याला बोलावून दिली. लहान-मोठा बघितला नाही. शेवटची आपण घेतली.

इरफानभाई आले तेव्हा महिपतीचा एक गाल फुगलेला होता.

"तोंडात काय आहे?"

"डब्यातलं," महिपती म्हणाला. "लय कडक हाय. अर्धा तास झाला, विरघळंना."

इरफानभाई एमआयडीसीभर पळाले. बापूंची टिप साखरेच्या बरणीतून निघाली. पेरूवालीनं सोनं समजून ती पदराच्या गाठीत बांधली होती आणि गाठ सोडायला ती काही केल्या तयार होईना, तेव्हा दोन किलो पेरू विकत घेऊन तिला राजी करावं लागलं. नऊ टिपा परत मिळाल्या. दहावी कुरिअरवाल्याबरोबर पुढच्या गावाला गेली ती गेलीच.

संध्याकाळी अण्णा स्वतः बोलले. ते चिडले की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत.

"महिपती, नीट ऐक. वर्कशॉपातली वस्तू बाहेरच्या माणसाच्या हातात जाता कामा नये. कुणीही येऊ दे, कितीही गोड बोलू दे. टाचणीसुद्धा द्यायची नाही. कशाला हात लावू द्यायचा नाही."

"चुकलं माझं, अण्णा. आता ध्यानात ठेवतो."

मंगळवारी सबनीस साहेब येणार होते. त्यांना वाट सापडणार नाही म्हणून अण्णा आणि इरफानभाई दोघंही हमरस्त्यावर फाट्याला जाऊन उभे राहिले. आणि साहेब मागच्या रस्त्यानं थेट शेडवर आले. ऑक्टोबरचं ऊन, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात टाय. दारात महिपती.

"मी सबनीस. बुशचा नमुना बघायला आलोय."

"तुम्ही बाहेरचे?"

"हो, कंपनीतून आलो."

"मग न्हाई."

"काय नाही?"

"काहीच न्हाई."

साहेब जरा गोंधळले. "बरं, मालक येईपर्यंत बसतो. खुर्ची दे."

"खुर्ची वर्कशॉपातली हाय."

"निदान पाणी तरी दे."

"माठ वर्कशॉपातला हाय."

"मला माठ नको, पाणी हवंय."

महिपतीनं यावर विचार करून बघितला. "पाणी माठातलं हाय," तो म्हणाला.

साहेब दमून भिंतीला टेकायला गेले तर महिपती अदबीनं म्हणाला, "भिंतीला हात लावू नका, साहेब." मग साहेब रस्त्यावर उन्हात उभे राहिले. महिपतीला त्यांची फार कीव आली. चांगला माणूस दिसत होता. म्हणून मग तोही त्यांच्या शेजारी उन्हात जाऊन उभा राहिला. दोघं पाऊण तास तसेच उभे होते.

अण्णा परतले आणि ते दृश्य बघून धावतच आत गेले. त्यांनी खुर्ची आणली, पाणी आणलं, माफी मागितली. साहेबांनी पाणी तेवढं घेतलं.

"बेलेकर, आज माझं डोकं दुखतंय. परवा खंडेनवमीला येतो. नमुना माझ्यासमोर काढायचा. हातानं कानस मारून माप जुळवलेलं मला चालत नाही, सगळं मशीनवर झालेलं दिसलं पाहिजे. ही शेवटची फेरी, त्यानंतर मी येणार नाही."

साहेबांची गाडी गेली. महिपतीला हाकलून द्यावं असं अण्णांच्या मनात आलंही असेल. पण उन्हात साहेबांशेजारी उभा राहिलेला माणूस हाकलायचा कसा? त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"साहेब आले की त्यांना मान द्यायचा. मागतील ते द्यायचं. आणि त्यांच्यासमोर हातानं काही करायचं नाही. हातोडा नाही, कानस नाही, काही नाही. काय करायचं ते मशीनवर. चकात धर, दार लाव, हिरवं बटण दाब. एवढंच."

"चकात धर, दार लाव, हिरवं बटण दाब," महिपती म्हणाला. दोन दिवस तो येता-जाता हेच पुटपुटत होता. जेवताना, अंघोळ करताना, बायकोनं भाजी काय करू विचारलं तरी हेच.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. एमआयडीसीत एक शेड अशी नव्हती जिला झेंडूची तोरणं नव्हती. अण्णांचं मशीन इरफानभाईंनी पहाटेच पुसून आरशासारखं केलं होतं, प्रोग्राम घालून नमुन्यासाठी तयार ठेवलं होतं आणि पहिलं फूलही त्यांनीच वाहिलं होतं. व्हर्निअर, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू. साहेब आले. महिपतीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पुन्हा पाणी दिलं, आणि हवं असेल तर भिंतीला टेका असंही सांगितलं. साहेबांना हसू आलं. अण्णांना वाटलं, आज गाडी रुळावर आहे.

शालन वैनींनी ओवाळलं, आरती झाली. अण्णांनी महिपतीच्या हातात नारळ दिला आणि डोळे मिटून हात जोडले.

"महिपती, नारळ फोड."

उंबऱ्याशी दगड ठेवला होता. बाजूला हातोडाही होता. महिपतीनं दगडाकडं बघितलं, हातोड्याकडं बघितलं, मग साहेबांकडं बघितलं. साहेबांसमोर हातानं काही करायचं नाही. बरं झालं आठवलं, नाहीतर घातच झाला असता.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. महिपतीनं नारळ चकात धरला, शेंडी बाहेरच्या बाजूला. दार लावलं. हिरवं बटण दाबलं.

मशीननं हे लोखंड आहे की नारळ आहे याची चौकशी केली नाही. नारळ गरागरा फिरला. शेंडी उडाली, हत्यार पुढं आलं, पाण्याची चिळकांडी काचेवर बसली, मागोमाग पांढरा किस उडाला. हत्यारानं नारळाचं तोंड सपाट कापलं, मधोमध आरपार भोक पाडलं, आतून गुळगुळीत केलं. इरफानभाई मशीन थांबवायच्या लाल बटणापर्यंत पोचले तोवर प्रोग्राम संपला होता.

महिपतीनं दार उघडलं. चकात एक कडं राहिलं होतं, बाहेरून तपकिरी, आतून पांढरंशुभ्र. ते त्यानं दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरलं.

"प्रसाद."

अण्णांनी कपाळाला हात लावला. आपलं मशीन टेम्पोत चढतंय आणि आपण फिटरचा डबा घेऊन कुणाच्या तरी दारात उभे आहोत, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसलं. 

साहेबांनी ते कडं हातात घेतलं, फिरवून बघितलं, भोकातून पलीकडं बघितलं. मग हसायला लागले. खुर्चीवर बसून हसले, टायला डोळे पुसून हसले.

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "असा नग मी बघितला नाही. एक नंबर."

आणि त्यांनी त्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

मशीनमधलं खोबरं काढायला इरफानभाईंना एक तास लागला. मग त्यांनी लोखंडाचा तुकडा धरून खरा बुश काढला. साहेबांनी तो तीनदा मोजला आणि कागदावर सही केली. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. निघताना मात्र महिपतीच्या पाठीवर थाप मारून गेले.

"बेलेकर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पन्नास नग आमच्या गेटवर. पहिला माल वेळेत आला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जाईल, हे आत्ताच सांगतो."

आता महिपतीच्या बाजूनं बघा. दोन नग निघाले होते. एक त्याचा, एक इरफानभाईंचा. इरफानभाईंच्या नगाला साहेब नुसते 'ठीक आहे' म्हणाले. त्याचा एक नंबर ठरला, वर साहेबांनी खाल्लासुद्धा. पास कुठला झाला, हे काय कुणाला विचारायला हवं होतं का? त्याला इरफानभाईंबद्दल जरा वाईटच वाटलं, म्हणून त्यानं तो विषय काढला नाही.

इरफानभाईंच्या भाचीचं लग्न दसऱ्यालाच मिरजेत होतं. त्यांनी जाण्याआधी मशीन लावून दिलं, पन्नास लोखंडी तुकडे कापून रॅकवर रचले. अण्णांना वैनींना घेऊन सासरवाडीला जायचं होतं. तुकडा धरायचा, दार लावायचं, बटण दाबायचं, यात चुकायला जागा कुठं आहे, असं अण्णांना वाटलं. अण्णा शहाणे होते, पण तितके नव्हते.

"ऐकलंस ना साहेब काय म्हणाले? पास केला तसाच नग. पन्नास. काही कमी पडलं तर बाजारातून माझ्या नावावर आण. सकाळी टेम्पो येईल, पेटी घेऊन तू स्वतः जा."

महिपतीनं रॅक बघितला. लोखंडी तुकडे होते. नारळ एकही नव्हता. म्हणजे पन्नासच्या पन्नास कमी पडले होते. तो बाजारात गेला.

"पन्नास?" नारळवाला म्हणाला. "देवळात भंडारा आहे काय?"

"न्हाई," महिपती म्हणाला. "पंपाला लागत्यात."

दसऱ्याचा दिवस. गाव नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत हिंडत होतं. महिपती शेडमध्ये एकटा. चकात धर, दार लाव, हिरवं बटण दाब. भूक लागली तरी त्यानं मालातलं खोबरं तोंडात टाकलं नाही. प्रत्येक नग मोजला, फडक्यानं पुसला, कागदात गुंडाळून पेटीत ओळीनं मांडला. एवढं मन लावून त्यानं आयुष्यात काम केलं नव्हतं. अण्णांचं मशीन आता कुठं जात नाही, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला अण्णा आणि इरफानभाई शेडवर पोचले. रॅकवर पन्नास लोखंडी तुकडे जसेच्या तसे. मशीनभोवती घोटाभर खोबरं. आणि टेम्पो निघून गेलेला.

दोघांनी पळत जाऊन स्कूटरला किक मारली.

ते गेटवर पोचले तेव्हा पेटी उघडलेली होती. सबनीस साहेबांनी एक पुडी सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली. गेटवरचे वॉचमन गोळा झाले होते. साहेबांनी खिशातून व्हर्निअर काढून एक कडं मोजलं, मग दुसरं मोजलं. दोन्ही एकासारखी एक होती. अण्णांनी हात जोडले.  साहेबांनी घड्याळ बघितलं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

साहेब हळूच पेटीच्या कडेवर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, मग सगळे साहेबच हलायला लागले.

"बेलेकर," शेवटी त्यांना बोलता आलं, "मी म्हणालो माल दहाच्या आत, माल दहाच्या आत आला. मापात आला. आता मी काय बोलू? उद्या दहाला लोखंडाचे पन्नास आणा. इरफानभाईंच्या हातचे. ऑर्डर तुमचीच आहे."

अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं. इरफानभाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. वॉचमन खोबऱ्याकडं बघून कुजबुजायला लागले. सगळे खूष होते. एकटा महिपती मान खाली घालून टेम्पोच्या आडोशाला उभा होता. मघापासून त्याला साहेबांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो पुढं आला आणि टोपी काढून साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, तुम्ही ऑर्डर दिलीसा, पण मला खोटं पचत न्हाई. पेटीत पन्नास नग न्हाईत."

"मग किती आहेत?"

"एकोणपन्नास. एक नासका निघाला."